उजेडात रंग बघायला

अमेरिकेत हर्नडनला असताना दर शनिवार-रविवार मी अठराव्या शतकात जायचे. आमच्या काउंटीनं शेतावरचं एक जुनं घर जपून ठेवलं होतं आणि ते लोकांना हिंडून दाखवायला त्यांना बायका हव्या होत्या. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मला कामाची मुभा मिळाली, पण आठवडाभर कुणाचं ऐकून घ्यायचा माझा स्वभाव नाही, म्हणून मी हे काम धरलं. पायघोळ झगा, वर एप्रन, डोक्यावर झालरीची पांढरी टोपी आणि टोपीखाली माझी टिकली. एका आजीबाईंनी एकदा फार आदबीनं विचारलं, की मी इंग्लंडच्या कुठल्या भागातली. "चिंचवड," मी म्हटलं. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

शाळेच्या सहली यायच्या तेव्हा पोरं पुढच्या दिवाणखान्यात जांभया द्यायची. मागच्या स्वयंपाकघरात नेलं की मात्र जागी व्हायची, कारण तिथे मी त्यांना चोर बायकांची गोष्ट सांगायचे. त्या काळी इंग्लंडात एखाद्या मोलकरणीनं मालकिणीचे मोजे उचलले, कुणी दुकानातून लेसचा तुकडा लांबवला, तर तिला जहाजात घालून समुद्रापार इकडे व्हर्जिनियात पाठवत. शिक्षा सात वर्षांची. धक्क्यावर उतरली की शेतकरी येऊन हातपाय बघून विकत घेत. परतीच्या प्रवासाचं भाडं कुठून आणणार, त्यामुळे बहुतेक जणी इकडेच मेल्या. आमच्या घरातही अशी एक राबून गेली होती म्हणे, लिननचं कापड चोरलेली. "एवढ्याशासाठी?" दर सहलीत एक तरी पोर विचारायचंच. मग आम्हाला शिकवून ठेवलेलं वाक्य मी म्हणायचे, "हो ना! बरं झालं, आता तसे दिवस राहिले नाहीत."

आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर नागपूरचं एक जोडपं राहायचं. तो सॉफ्टवेअरमध्ये, ती त्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. एम.कॉम. झालेली मुलगी दिवसभर घरात. ती मला ताई म्हणायची. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि तिला रंगांचं वेड होतं. माझ्या झग्याला मी तपकिरी म्हटलं तर तिनं मला चक्क वेड्यात काढलं. "ताई, आमसुली आहे हो हा! तपकिरी काय म्हणून राहिल्या?" मला उगाच चिकटणारी माणसं आवडत नाहीत, पण ही आवडायची.

दोन हजार पाच साली तिला मुलगी झाली आणि त्या दिवाळीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला तिला लग्नातली साडी नेसायची होती. साडीचा रंग चिंतामणी. बाळंतपणानंतर जुनं ब्लाऊज अंगात शिरेना. आम्ही बायका तिकडे एक युक्ती करायचो. दुकानातून ताणला जाणारा, बाह्यांचा एखादा टॉप आणायचा आणि ब्लाऊज म्हणून घालायचा. साडी पिशवीत घालून, बाळाला ढकलगाडीत बसवून ती असा टॉप शोधायला एका मोठ्या दुकानात गेली. हवा तसा मिळाला. पण चिंतामणी हा रंग महाफसवा. दिव्याखाली निळा दिसतो, उन्हात हिरव्याकडे झुकतो. आता मॅचिंग करायचं म्हणजे काय करायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागतं का? मॅचिंग सेंटरवाला स्वतःच सांगतो, "ताई, बाहेर उजेडात बघून या." आपण कापड घेऊन फुटपाथवर जातो, पदराला लावून बघतो, परत येऊन नाक मुरडतो. तो मान वर करूनही बघत नाही. मी स्वतः वर्षानुवर्षं हेच केलेलं आहे. तिनंही तेच केलं. आपोआप उघडणाऱ्या दारातून ती गाडी ढकलत बाहेर आली, पिशवीतून साडीचा काठ काढला, टॉप त्यावर धरला, आणि मागून कुणीतरी तिचा दंड धरला.

दुकानाचा गार्ड होता. त्यानं विचारलं, "हे तू दुकानातून घेतलंस?" ती म्हणाली, "येस, येस, आय टूक." आपण साडी घेतली म्हणतो तेव्हा ती विकत घेतलेली असते. तिला वाटलं, घेणार आहेस का असं विचारतोय. त्यानं विचारलं, पैसे दिलेस का. ती म्हणाली, नाही. खरं तेच सांगितलं बिचारीनं. त्यानं लिहून ठेवलं, की बाईनं गुन्हा कबूल केला.

नवरा क्लायंटकडे गेलेला, म्हणून फोन मला आला. खरं सांगते, ऐकल्यावर मी हसले होते. मला वाटलं, जाऊन दोन शब्द बोलावे आणि तिला घेऊन यावं. दुकानाच्या मागच्या खोलीत ती मांडीवर बाळ घेऊन बसली होती, समोर टेबलावर साडी आणि टॉप पुराव्यासारखे मांडलेले, आणि शेजारी कमरेला पिस्तूल लावलेला पोलीस. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी त्या पोलिसाला उजेडाचं सगळं समजावलं. अगदी काठ धरून दाखवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, "मॅम, हे जज्जला सांगा," म्हणाला आणि तिच्या हातात कोर्टाची तारीख दिली.

"तो मला चोर म्हणून राहिला ताई," गाडीत बसल्यावर ती म्हणाली. "चोर! माझ्या बाबांना कळलं तर?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "जुळत होता का गं रंग?"

"बघायलाच नाही मिळालं. त्यानं हातच धरला."

नवऱ्यानं एक वकील गाठला. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या केसेस घेणारा. ही केस त्याला जाता जाता करायचं काम वाटली असावी. त्यानं तिला दोनच प्रश्न विचारले. दाराबाहेर गेलीस? हो. पैसे दिले होतेस? नाही. मग संपलं, तो म्हणाला. मी पुन्हा उजेडाचं पुराण लावलं. तो म्हणाला, जज्जला हे पटवायचं तर आधी त्याला इंडियाला न्यावं लागेल. त्यापेक्षा कबूल करून टाका. पहिलाच गुन्हा आहे, थोडी समाजसेवा करायला लावतील, वर्षभर नीट वागायचं, की केस डिसमिस. जणू काही घडलंच नाही.

"पण मी चोरलंच नाही ना," ती म्हणाली. "मग चोरलं असं कशाला म्हणू?"

"अगं यार, म्हणायला काय जातं?" नवरा म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आता चढलोच आहोत तर लवकर उतरू या ना. मंडळात कळलं, ऑफिसात कळलं, तर काय तोंड दाखवू?"

कोर्टात मी बाळाला घेऊन मागच्या बाकावर बसले होते. जज्ज पिकल्या केसांची, मऊ आवाजाची बाई होती. तिनं विचारलं, हे तू स्वखुशीनं कबूल करते आहेस ना, कुणी जबरदस्ती केली नाही ना? "येस मॅडम," ती म्हणाली, शाळेत बाईंना म्हणतात तसं. तू कुठल्या देशाची, कुठल्या व्हिसावर आहेस, हे तिला त्या खोलीत कुणीही विचारलं नाही. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर येऊन वकिलानं हस्तांदोलन केलं आणि तो पुढच्या दारूवाल्याकडे वळला.

समाजसेवा कुठे करायची ते तिला निवडायचं होतं. आमच्या त्या जुन्या घराच्या परसबागेत माणूस हवंच होतं, आणि मुलीला जवळ ठेवता येईल, म्हणून ती तिथे आली. वसंतात शनिवारी मी टोपी घालून टूर द्यायचे आणि ती बाहेर वाफ्यांतलं गवत काढायची. डोक्याला स्कार्फ बांधून उकिडवी बसायची आपल्याकडच्यासारखी. तिकडे तसं कुणालाच बसता येत नाही, त्यामुळे येणारेजाणारे बघत राहायचे.

एकदा मी पोरांना चोर बायकांचं सांगत होते. सात वर्षांच्या शिक्षेपर्यंत आले आणि खिडकीशी उभ्या असलेल्या एका वेणीवाल्या मुलीनं बाहेर बोट दाखवलं. "इज शी वन ऑफ देम?"

शाळेच्या बाई तिला गप्प करायला धावल्या. पोरं हसली, कारण त्यांना तो विनोद वाटला. मुलीनं काही वावगं विचारलं नव्हतं. मी कापडाच्या चोरीची गोष्ट सांगत होते, आणि कापडाच्या चोरीसाठी शिक्षा झालेली बाई खिडकीबाहेर राबत होती. "नाही, ती माझी मैत्रीण आहे," एवढंच मला म्हणता आलं.

नंतर हात धुताना तिनं विचारलं, "काय म्हणत होती ताई ती पोरगी? माझ्याकडे बोट करून राहिली होती."

"तुझा स्कार्फ आवडला तिला."

"हो ना? अबोली आहे," ती खूश होऊन म्हणाली.

वर्षभरानं वकिलानं सांगितल्याप्रमाणे केस डिसमिस झाली. तिनं गाजरहलवा करून आणला. आम्ही तिघांनी तो विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरवलं. मग दोन हजार सातच्या उन्हाळ्यात अचानक काही आठवड्यांपुरत्या सगळ्यांच्या ग्रीन कार्डच्या अर्जाच्या तारखा एकदम खुल्या झाल्या. जो तो फोटो काढत, लस टोचून घेत, अर्ज पाठवत धावत होता. या दोघांनीही अर्ज केला आणि बोटांचे ठसे देऊन आले. काही महिन्यांनी त्या ठशांच्या मागोमाग बोलावणं आलं. आर्लिंग्टनच्या इमिग्रेशन कोर्टात हजर व्हा, तुम्हाला देशाबाहेर का पाठवू नये ते सांगा.

मी तो कागद तीनदा वाचला. मला वाटलं, नावात काहीतरी घोळ झालाय. देशाबाहेर? टॉपसाठी? जो तिनं आपल्या अंगाला एकदा लावूनही बघितला नव्हता?

या वेळी वकील इमिग्रेशनची होती. हुशार, तरुण, स्वतः कोरियाहून आलेली. ती जे सांगत होती ते इंग्रजी मला शब्द न् शब्द कळत होतं, आणि तरी मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. केस डिसमिस झाली ना? हो, व्हर्जिनियापुरती झाली. इमिग्रेशनच्या कायद्यात एकदा गुन्हा कबूल केला आणि त्यावर थोडी जरी शिक्षा भोगली, की तो गुन्हा शाबीत. अहो, पण शिक्षा कसली, गवत काढलंय तिनं! शिक्षा किती झाली ते बघत नाहीत, वकील म्हणाली, किती होऊ शकली असती ते बघतात. या राज्यात छोट्या चोरीला एक वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. आणि ती या देशात आल्याला तेव्हा पाच वर्षं झाली नव्हती. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की बाहेर.

"म्हणजे तेव्हा मी हो म्हटलं नसतं तर?" तिनं विचारलं.

वकिलानं टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. "कबूल करण्याआधी माझ्यासारख्या कुणाला तरी विचारायला हवं होतं."

मी संतापले. कुणावर संतापले ते मलाच कळेना. गार्डनं त्याचं काम केलं होतं, जज्जबाई गोड बोलली होती, पहिल्या वकिलानं दिलेला शब्द पाळला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोर कुणी नव्हताच. नवरा मान खाली घालून बसला होता. "म्हणायला काय जातं?" हे त्याचंच वाक्य होतं. त्याची आठवण तिनं त्याला कधीही करून दिली नाही. मी असते तर दर जेवणाला वाढलं असतं.

आर्लिंग्टनच्या जज्जनं फाईल नीट वाचली होती. वकिलानं विनंती केली, की नवऱ्याचं ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबा, मग हिचंही होईल. त्यानं विचारलं, भारतीयांची रांग किती लांब आहे. वकील खोटं बोलू शकत नव्हती. वर्षानुवर्षांची, ती म्हणाली. तितकी वर्षं मी फाईल उघडी ठेवू शकत नाही, तो म्हणाला. मग त्याच्या परीनं त्यानं दया दाखवली. हाकलून देण्याऐवजी तिला स्वतःहून निघून जायची परवानगी दिली. चार महिन्यांची मुदत. त्या दिवसाच्या आत गेली तर पुढे परत यायचा अर्ज करता येईल. एक दिवस जरी उशीर झाला, तर हकालपट्टीचा हुकूम आपोआप लागू, आणि मग दहा वर्षं अमेरिकेचं तोंड बघायचं नाही.

त्या शनिवारी मी टूरमधलं ते शिकवून ठेवलेलं वाक्य गाळलं. पुढे कधीच म्हटलं नाही.

चार महिने तिच्या कागदांवरच गेले. कुठला अर्ज, कुठली पावती, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन आपण खरोखर देश सोडला हे कुणाला दाखवायचं. मुदत वाढवून मिळेल या आशेवर नवऱ्यानं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढलं. वाढवून मिळाली नाही. असं ठरलं, की ती आणि मुलगी नागपूरला तिच्या आईकडे राहतील आणि तो इथे नोकरी टिकवून कार्डाची वाट बघेल. तीन वर्षांची ती पोर महिनाभर सगळ्यांना सांगत सुटली होती, "आय ॲम गोइंग टु नागपूर." आईनं तिच्यासाठी आजीच्या घराची, अंगणातल्या झोक्याची, मांजरीची इतकी वर्णनं केली होती, की तिला ती शिक्षा आहे असं वाटूच नये. मला तर एकदा वाटून गेलं, बरं झालं, निदान दोघी बरोबर आहेत.

दोन हजार आठचा तो शनिवार होता. दुपारी आम्ही विमानतळावर गेलो. काउंटरवरची बाई हसतमुख, आमच्या आयांच्या वयाची. तिनं आईचा पासपोर्ट बघितला, ठीक म्हणाली. मुलीचा उघडला. पुढून मागे, मागून पुढे चाळला.

"हिचा व्हिसा कुठे आहे?"

"कुणाचा?" नवरा म्हणाला.

"या छोटीचा. ही अमेरिकन नागरिक आहे. इंडियाला जायला हिला व्हिसा लागेल."

मुलगी इथे जन्मली, म्हणून अमेरिकन. हे आम्हाला माहीत नव्हतं का? पेढे वाटले होते आम्ही त्याचे. पण मूल आईबरोबर जातं, त्यात काय विचारायचं, असंच आम्ही चार महिने धरून चाललो होतो. मी, त्यानं, तिनं, अगदी त्या हुशार वकिलानंही विचारलं नव्हतं. आपल्याच मुलीला आपल्याच घरी न्यायला परवानगी लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"अहो, ती आमची मुलगी आहे," नवरा मराठीतच म्हणाला. मग इंग्रजीत म्हणाला. बाईनं सुपरवायझरला बोलावलं. त्यानंही नकारार्थी मान हलवली. भारतीय दूतावास सोमवारी उघडणार. वकिलाचा फोन मशीनवर जात होता.

काउंटरवरच्या बाईला आमची फार दया आली. तिनं पटापट बटणं दाबली आणि आनंदानं वर बघितलं. "काही काळजी करू नका. पुढच्या आठवड्यातल्या फ्लाइटवर जागा आहेत. तुमचं तिकीट मी तसंच बदलून देते. तोपर्यंत हिचा व्हिसा काढा, आणि मग आई-लेक मजेत जा."

आईनं नवऱ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला ओरडावंसं वाटत होतं, हुकूम गेला खड्ड्यात, राहा इथेच. पण दहा वर्षं मला भोगायची नव्हती, म्हणून मी ओरडले नाही.

"नो," ती म्हणाली. "आय हॅव टु गो टुडे." इतकं स्वच्छ इंग्रजी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

बाईचा चेहरा बदलला. "पण ती फक्त तीन वर्षांची आहे," ती म्हणाली.

ते खरंच होतं. पुढे महिन्याभरात बाप पोरीला घेऊन नागपूरला गेला आणि तिला सोडून आला. आईनं परतीच्या व्हिसासाठी दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा तो नाकारला गेला, हेही खरं आहे. पण त्या दुपारी आमच्यापुढे प्रश्न होता बॅगेचा. दोघींचे कपडे एकाच बॅगेत भरलेले होते. ती तिथेच काउंटरपुढे खाली बसली, बॅग उघडली आणि पोरीचे कपडे वेगळे काढायला लागली. मागे रांग खोळंबली होती. ती एक एक कपडा नीट घडी करून माझ्या हातात देत होती. स्वेटर, पायमोजे, रात्रीचा पायजमा. नवरा खांबाकडे तोंड करून उभा होता.

मुलगी शेजारी उकिडवी बसून सगळं लक्ष देऊन बघत होती. बॅगेच्या तळाशी घातलेला नवा फ्रॉक वर आला, तेव्हा तिनं त्याचं टोक धरलं.

"आई, दॅट्स माइन," ती म्हणाली. "आय नीड इट इन नागपूर."

"हो गं राणी," आई म्हणाली. तिनं पोरीची बोटं हळूच सोडवली आणि फ्रॉक माझ्या हातात दिला.